हसणारे फूल आणि पाचशे अर्हत

ताकाशी मुराकामी हे नाव ज्यांच्या कानावर आले नसेल, त्यांनीही ह्या जपानी चित्रकाराचे फूल कोठे ना कोठे पाहिले असण्याचा संभव आहे. बारा रंगीत पाकळ्या, मधोमध वाटोळा चेहरा, दोन टपोरे डोळे आणि तोंडभर पसरलेले हसू. हे फूल मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर आहे. तेच फूल तरुण मुलांच्या सदऱ्यांवर, उशांवर आणि किल्ल्यांच्या साखळ्यांवरही उमलले आहे. एकाच हाताने चित्रही काढावे आणि खेळणेही विकावे, हा काय प्रकार आहे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

ही कला की व्यापार, हा प्रश्न समीक्षक गेली कित्येक वर्षे विचारीत आले आहेत. मुराकामी यांनी त्याचे उत्तर केव्हाच देऊन टाकले आहे: दोन्ही. ज्या आरोपाची आरोपीने आपणहून कबुली दिली आहे, तो पुन:पुन्हा सिद्ध करण्यात हशील नाही. आम्हाला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्या फुलाच्या हसण्यामागे कोणी आहे काय? आणि असल्यास ते कोण? प्रस्तुत लेखात आम्ही मुराकामी यांच्या कलेकडे ह्या प्रश्नाच्या अंगाने पाहणार आहोत.

रंग घोटणारा विद्यार्थी

मुराकामी यांचा जन्म १९६२ सालचा, टोकियोचा. वडील टॅक्सी चालवीत. मात्र आईवडिलांना चित्रांची ओढ होती. प्रदर्शन पाहून आल्यावर मुलाने त्यावर काहीतरी लिहिलेच पाहिजे, नाहीतर रात्रीचे जेवण नाही, असा घरचा दंडक होता, असे मुराकामी यांनी सांगितले आहे. समीक्षेची इतकी कडक शाळा आमच्या लेखकांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला आली असेल!

मुलाला व्हायचे होते 'ॲनिमे'चा, म्हणजे हाताने रेखाटलेल्या जपानी चित्रपटांचा कलावंत. ते साधले नाही. तेव्हा त्याने टोकियोच्या राष्ट्रीय ललितकला व संगीत विद्यापीठात 'निहोंगा' ह्या शाखेत प्रवेश घेतला. निहोंगा म्हणजे शब्दश: जपानी चित्र. खनिजे दळून केलेले रंग सरसात कालवायचे आणि कागदावर किंवा रेशमावर थरावर थर चढवायचे, अशी ही चिकाटीची विद्या आहे. तंत्र जुने असले तरी तिचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. पाश्चात्त्य तैलचित्रांची लाट आली, तेव्हा देशी परंपरेच्या रक्षणासाठी ते पुढे आले. त्या चळवळीचे एक अध्वर्यू ओकाकुरा तेन्शिन हे रवींद्रनाथ टागोरांचे स्नेही म्हणून आपल्याकडे परिचित आहेत.

ह्याच शाखेत मुराकामी यांनी १९९३ साली डॉक्टरेट मिळविली. शिकत असतानाच प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका शाळेत ते नऊ वर्षे मुलांना फुले काढावयास शिकवीत होते. दिवसाआड ताजी फुले विकत आणायची, मुलांपुढे मांडायची, स्वत: न्याहाळायची. पुढे जे हसरे फूल जगभर गेले, ते ह्या फुलांच्या सहवासातून आलेले आहे. ज्यांना ते पोरखेळ वाटते, त्यांनी ही नऊ वर्षे हिशोबात धरावीत.

तथापि निहोंगाची परंपरा आपल्याच वर्तुळात फिरते आहे, रस्त्यावरच्या माणसाच्या जीवनाशी तिचा संबंध उरलेला नाही, असे मुराकामी यांना वाटू लागले. जपानी मुले वाचीत होती ती चित्रमालिकांची पुस्तके. पाहत होती ते ॲनिमे. त्या दुनियेची भाषा घेऊन मुराकामी यांनी १९९३ सालीच एक पात्र जन्माला घातले: मिस्टर डॉब. गोल डोके, दोन मोठे कान; एका कानावर इंग्रजी 'डी', दुसऱ्यावर 'बी', आणि मधला चेहरा हाच 'ओ'. ह्या नावाचे मूळ 'का? का?' अशा अर्थाच्या एका गमतीदार जपानी बोलात आहे. पुढच्याच वर्षी मुराकामी शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, आणि अमेरिकन कलाबाजार कसा चालतो हे त्यांनी जवळून पाहिले.

सपाटपणाचा सिद्धान्त

२००० साली टोकियोत मुराकामी यांनी इतर कलावंतांच्या कृती जमवून एक प्रदर्शन भरविले. नाव होते 'सुपरफ्लॅट', म्हणजे अतिसपाट. पुढच्या वर्षी ते लॉस एंजेलिसला गेले आणि त्या शब्दाला जगभर नाव मिळाले.

ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते वेगवेगळे ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला अर्थ चित्रपृष्ठाचा. युरोपीय चित्रकलेने प्रबोधनकाळापासून कॅनव्हासला खिडकी मानले. दूरची वस्तू लहान, जवळची मोठी, आणि सर्व रेषा एका बिंदूकडे धावणाऱ्या. जपानी पडद्यांवर आणि गुंडाळीचित्रांवर असा एकच बिंदू नसतो. तेथे डोळा आत शिरत नाही, पृष्ठावरून फिरत राहतो. हा विचार मुराकामी यांनी कलेतिहासकार नोबुओ त्सुजी यांच्याकडून घेतला. त्सुजी यांनी १९७० मधील आपल्या ग्रंथात इतो जाकुचू, सोगा शोहाकू अशा एदो काळातील विक्षिप्त मानल्या गेलेल्या सहा चित्रकारांना न्याय मिळवून दिला होता. मुराकामी म्हणतात की ह्या चित्रकारांचा डोळा खेळविण्याचा जो हातखंडा होता, तोच आजच्या ॲनिमेत उतरला आहे.

दुसरा अर्थ समाजाचा आहे. उच्च कला आणि बाजारू कला अशी उतरंड जपानमध्ये मुळात नव्हती. 'ललितकला' ह्या अर्थाचा जपानी शब्दच १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनाच्या निमित्ताने घडविला गेला. तेव्हा ती उतरंड मोडण्यात आपण परंपरा मोडीत नसून तिच्याकडे परत जात आहोत, असा मुराकामी यांचा दावा आहे.

दावा चतुर आहे. तो खराही आहे, हे पाहायचे असेल तर १९९६ चे '७२७' हे चित्र पाहावे. ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. तीन फळ्यांचे, सुमारे तीन मीटर उंच व साडेचार मीटर रुंद. शीर्षक आले आहे रेल्वेमार्गाच्या कडेला दिसणाऱ्या एका प्रसाधनांच्या जाहिरातीवरून. मिस्टर डॉब येथे एका वळणदार लाटेवर स्वार झालेला आहे. पण तो आता गोजिरवाणा नाही. दात विचकलेले, डोळे अनेक झालेले. लाटेचे वळण बाराव्या शतकातील 'शिगिसान एंगी' ह्या गुंडाळीचित्राची आठवण करून देते. तेथे धर्मरक्षक बालक आकाशातून वेगाने येतो. मागची पार्श्वभूमी मात्र जुन्या, झिजलेल्या पडद्यासारखी आहे. मुराकामी यांनी रंगाचे अनेक थर चढविले आणि मग ते घासून काढले. दुरून सपाट भासणारे हे पृष्ठ जवळ गेल्यावर खरवडलेले दिसते. चित्रकाराने सपाटपणाचा सिद्धान्त पुढे मांडला असला तरी त्याचा हात आधीपासूनच थरांचा आहे. निहोंगाची शाळा वाया गेलेली नाही.

मान कोणाकडे जातो?

येथे आमच्या वाचकांना रस वाटेल अशी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. युरोपीय चित्रकलेचे पद्धतशीर शिक्षण जपानमध्ये पहिल्यांदा दिले ते येशूसंघीयांनी. इटालियन येशूसंघीय जोव्हान्नी निकोलो १५८३ साली तेथे पोहोचले आणि त्यांनी जपानी तरुणांना पवित्र मारियेची व संतांची चित्रे काढावयास शिकविले. १६१४ च्या हद्दपारीच्या हुकमानंतर ती शाळा मकावला गेली. चित्राची 'खिडकी' जपानी भूमीत परकी आहे, हे मुराकामी यांचे म्हणणे म्हणून आम्हाला मान्य आहे. ती कोणी आणली हेही आम्हाला ठाऊक आहे.

परंतु सपाट चित्र म्हणजे उथळ चित्र, असे समजणे चुकीचे ठरेल. पूर्वेकडील ख्रिस्तसभेच्या पवित्र प्रतिमा सपाटच आहेत. सोनेरी पार्श्वभूमी, समोर पाहणारा चेहरा, सावली नाही, अंतर नाही. तरीही शतकानुशतके भाविक त्यांच्यापुढे गुडघे टेकत आले आहेत. प्रतिमाभंजनाच्या वादानंतर ७८७ साली नायसियाच्या दुसऱ्या महासभेने जो निर्णय दिला, त्याचे सार एवढेच की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही. ज्याची ती प्रतिमा आहे त्याच्याकडे तो जातो. आम्हाला वाटते, धर्मचित्रांपुरताच नव्हे, तर कोणत्याही चित्राला लावून पाहावा असा हा कस आहे. ह्या चित्राकडे पाहताना आमच्या मनात जो आदर, जी ओढ निर्माण होते, ती पुढे कोणाकडे जाते?

हा कस आम्ही मुराकामी यांच्या बाजारातील कामगिरीला लावून पाहू.

२००१ साली त्यांनी 'काइकाई किकी' ही कंपनी स्थापन केली. तीत साहाय्यकांची फौज चित्रे रंगविते. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी आपल्या कार्यशाळेला 'फॅक्टरी' म्हटले होते. मुराकामी यांनी ती कल्पना शिस्तीने पूर्णत्वास नेली. २००३ मध्ये लुई व्हितों ह्या फ्रेंच पेढीच्या पिशव्यांवर त्यांनी ३३ रंगांत त्या पेढीची मुद्रा उमटविली. २००७ साली लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा त्याच्या पोटातच ह्या पिशव्यांचे दुकान थाटलेले होते. प्रदर्शनाच्या नावात 'मुराकामी' ह्या शब्दाआधी स्वामित्वहक्काची खूण होती. २००८ च्या मे महिन्यात त्यांचे एक शिल्प न्यूयॉर्कच्या लिलावात दीड कोटी डॉलरांहून अधिक किमतीला गेले. त्या शिल्पाचे वर्णन ह्या पानांवर करणे आम्ही टाळतो. मनुष्यदेहाची ती थट्टा आहे, आणि ॲनिमेच्या दुनियेतील विकृतीवर केलेली ती टीका आहे, हे समर्थन आम्हाला अपुरे वाटते. ज्या विकृतीवर बोट ठेवायचे, तिचाच माल करून विकायचा, ह्याने टीकेची धार जाते.

पुढे २०१० साली व्हर्सायच्या राजवाड्यात मुराकामी यांची रंगीत शिल्पे मांडली गेली, तेव्हा फ्रेंच परंपराभिमान्यांनी निषेध केला. त्या निषेधात आम्ही सामील होणार नाही. आरसेमहाल बांधणाऱ्या राजालाही नम्रतेसाठी कोणी ओळखत नाही.

संगणकावरील चित्रांच्या मालकीचा व्यापार २०२१-२२ मध्ये बोकाळला, तेव्हा मुराकामी यांनी तेथेही फुले आणली. त्यांची संख्या ठेवली ११,६६४, म्हणजे १०८ गुणिले १०८. एकशेआठ हा आकडा आपल्याकडील जपमाळेमुळे परिचित आहे. जपानी बौद्ध परंपरेत मनुष्याच्या वासना १०८ मानल्या जातात, आणि वर्षाच्या अखेरच्या रात्री मंदिरांत तितके घंटेचे टोले देऊन त्यांचे विसर्जन करतात. वासनांच्या विसर्जनाचा आकडा विक्रीच्या मालाला द्यावा, ही गंमत मुराकामी यांच्या ध्यानात नसेल असे नाही. तो बाजार लवकरच कोसळला, आणि २०२२ साली मुराकामी यांनी खरेदीदारांची जाहीर माफी मागितली.

आम्ही ह्या सर्वांकडे नाक मुरडून पाहणार नाही. युरोपातील थोर धर्मचित्रेही कार्यशाळांतून, पैसे ठरवून, साहाय्यकांच्या हातून झालेली आहेत. यात्रेच्या दिवशी आमच्या देवळांच्या दारातही मेणबत्त्या, जपमाळा आणि प्लास्टिकच्या मूर्ती विकल्या जातातच. विकले जाणे हा दोष नव्हे. प्रश्न आहे तो कसाचा. पाच रुपयांच्या जपमाळेला दिलेला मान मारियेकडे जातो. पिशवीवरच्या मुद्रेला दिलेला मान पिशवीकडे, आणि पिशवी बाळगणाऱ्याकडे परत येतो. तो तेथेच घुटमळतो. मुराकामी यांच्या बाजारी कामाचे उणे आम्हाला येथे दिसते. त्या फुलाला सगळीकडे जाता येते; मात्र ते कोणालाही कोठे नेत नाही.

एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होणे सोपे होते. परंतु त्या हसण्याची दुसरी बाजू पाहिल्याविना निकाल देणे अन्यायाचे होईल.

कोकुरावरचे ढग

२००५ साली न्यूयॉर्कच्या जपान सोसायटीत मुराकामी यांनी आणखी एक प्रदर्शन रचले. त्याचे नाव 'लिटल बॉय'. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर टाकलेल्या अणुबॉम्बचे हे सांकेतिक नाव. मुराकामी यांचे प्रतिपादन असे की पराभवानंतर अमेरिकेच्या छत्राखाली जपान देश मोठा न होता बालच राहिला, आणि न बोललेली भीती त्याने खेळण्यांत व चित्रमालिकांत दडविली. म्हणून तेथील राक्षस अणुस्फोटातून जन्मतात, म्हणून शहरे पुन:पुन्हा उद्ध्वस्त होतात, आणि म्हणूनच सारे काही इतके गोजिरे असते. मुलांच्या एका जुन्या दूरदर्शन मालिकेत खलनायकांचा पाडाव झाला की कवटीच्या आकाराचा धुराचा लोट उठत असे. मुराकामी यांनी तोच लोट मोठ्या कॅनव्हासवर आणला. गुलाबी पृष्ठभूमीवर पांढरी, सुबक कवटी. आणि तिच्या डोळ्यांच्या खोबणीत फुलांच्या माळा. सुरुवातीला ज्या फुलाविषयी लिहिले, ते येथे मृत्यूच्या डोळ्यांत उगवलेले आहे.

ह्या प्रतिपादनावर आमचा एक आक्षेप आहे. बाल ठरलेल्या देशाला कालचा हिशोब द्यावा लागत नाही. १९४५ पूर्वी जपानी सैन्याने चीनमध्ये, कोरियात आणि आग्नेय आशियात जे केले, त्याचे सावट 'लिटल बॉय'च्या मांडणीत जवळजवळ नाही. आपल्या जखमेचे चित्र काढणाऱ्याने आपण केलेल्या जखमांकडेही पाहावे, ही अपेक्षा पापनिवेदनाची परंपरा असलेल्या समाजाने तरी ठेवली पाहिजे.

तथापि ह्या विषयाला मुराकामी यांच्या घरातूनच एक धागा आहे, आणि तो आम्हाला अस्वस्थ करतो. त्यांची आई कोकुरा ह्या शहराची. ९ ऑगस्ट १९४५ रोजी दुसरा बॉम्ब घेऊन निघालेल्या विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा हेच होते. त्या सकाळी शहरावर ढग आणि धूर होता. विमानाने तीन फेऱ्या मारल्या, लक्ष्य दिसेना, आणि ते नागासाकीकडे वळले. त्या दिवशी आकाश निरभ्र असते तर तू जन्मलाच नसतास, असे आई आपल्याला लहानपणी सांगत असे, हे मुराकामी यांनी सांगितले आहे.

नागासाकी हे नाव आमच्या वाचकांना भूगोलाच्या पुस्तकातून नव्हे, तर आमच्या वेदीवरून परिचित आहे. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर आपल्या पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर प्राण दिले. त्यांच्यामागे त्या परिसरातील श्रद्धावंतांनी अडीचशे वर्षे धर्मगुरूंवाचून, लपून, विश्वास जतन केला. दरवर्षी त्यांना तुडवावयास लावलेल्या ख्रिस्ताच्या आणि मारियेच्या धातूच्या प्रतिमा आजही पाहावयास मिळतात. हजारो पावलांनी त्यांचे चेहरे झिजून सपाट झाले आहेत. १८६५ साली ह्याच लपलेल्या समाजातील काही जण, उराकामी गावचे, नव्याने बांधलेल्या ओउरा येथील देवळात आले आणि त्यांनी आपला विश्वास उघड केला. ते देऊळ त्या सव्वीस रक्तसाक्ष्यांनाच अर्पण केलेले होते.

ह्याच उराकामीवर ९ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला. कॅथीड्रल स्फोटबिंदूपासून सुमारे ५०० मीटरवर होते. मारियेच्या स्वर्गारोहणाचा सण जवळ आला होता. आत धर्मगुरू पापनिवेदन ऐकत होते. कोणी वाचले नाही. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथॉलिकांपैकी सुमारे ८,५०० मृत्यू पावले.

कोकुरावर ढग आले, त्यात कोकुराच्या मुलीचा काही दोष नव्हता. पुढे तिच्या पोटी जन्मलेल्या मुलाचा तर नव्हताच. परंतु दुसऱ्यांच्या मरणामुळे आपण जगलो, ही जाणीव ज्या घरात बोलली गेली, त्या घरातील मुलाच्या फुलाला निर्भेळ हसता येणार नाही, हे आम्हाला समजते. मुराकामी यांचे फूल हसते ते कोणी रडू नये म्हणून. लहान मूल आईच्या डोळ्यांत पाणी पाहून उगाच हसू लागते, त्या जातीचे हे हसू आहे. त्यात ऋण आहे. फक्त ते कोणाचे, हे फूल सांगत नाही. ते सांगण्यासाठी चित्रकाराला दुसरी भाषा शोधावी लागली.

शंभर मीटर

ती भाषा सापडली संकटातून. ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानला भूकंपाने व त्सुनामीने तडाखा दिला. सुमारे १८,००० माणसे मृत वा बेपत्ता झाली. आपत्तीनंतर वाचलेल्या माणसाला जगण्यासाठी कथा का लागते, धर्म का लागतो, हे आपल्याला तेव्हा उमगले, अशा आशयाचे मुराकामी यांनी पुढे म्हटले आहे.

त्याआधी, २००९ पासून, ते आणि त्सुजी एका कलाविषयक मासिकात एक जुगलबंदी चालवीत होते. वयोवृद्ध अभ्यासकाने जुन्या चित्राचा विषय द्यायचा, चित्रकाराने त्याला नव्या चित्राने उत्तर द्यायचे. त्यातूनच कानो काझुनोबू ह्या एकोणिसाव्या शतकातील चित्रकाराचे पाचशे अर्हत मुराकामी यांच्यापुढे आले. टोकियोच्या झोजो-जी मंदिरासाठी काझुनोबू यांनी १८५४ पासून शंभर गुंडाळीचित्रे काढावयास घेतली. १८५५ मध्ये ते शहर, तेव्हाचे एदो, भूकंपाने हादरले. काझुनोबू काढीतच राहिले, आणि १८६३ साली काम पुरे होण्याआधी वारले. उरलेली चित्रे पत्नीने व शिष्याने पूर्ण केली.

अर्हत हा शब्द मूळचा आपल्याच भूमीतला. ज्यांनी तृष्णेवर विजय मिळविला असे बुद्धाचे शिष्य, ते अर्हत. बुद्धाच्या निर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीला असे पाचशे जण जमले, अशी परंपरा आहे. चीनमार्गे ते जपानला पोहोचले तेव्हा दु:खितांच्या मदतीला धावणारे, विचित्र रूपाचे वृद्ध म्हणून लोकांच्या मनात बसले. संतांच्या मध्यस्थीवर विश्वास असलेल्या आमच्या समाजाला ही भावना परकी वाटू नये.

मुराकामी यांचे 'पाचशे अर्हत' २०१२ मध्ये प्रथम प्रदर्शित झाले ते कतारच्या दोहा शहरात. भूकंपानंतर कतारने केलेल्या मदतीची ती कृतज्ञता होती. पुढे २०१५ च्या अखेरीस ते टोकियोच्या मोरी कला संग्रहालयात आले. उंची तीन मीटर, लांबी शंभर मीटर. चार भाग, प्रत्येकाला एका दिशेच्या रक्षकाचे नाव: निळा ड्रॅगन, पांढरा वाघ, शेंदरी पक्षी, काळे कासव. देशभरातील कलाविद्यापीठांतून आलेल्या दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, अहोरात्र राबून ते उभे केले. जी कार्यशाळा पिशव्यांसाठी राबली तीच येथेही राबली, हे विसरून चालणार नाही.

येथे सपाटपणा तसाच आहे, रंग तसेच भडक आहेत, ॲनिमेची रेषा तशीच चपळ आहे. पण गोजिरेपणा गेला आहे. अर्हतांचे चेहरे सुरकुतलेले, दात पडलेले, भुवया लोंबलेल्या. कोणी भयंकर, कोणी हास्यास्पद. काही राक्षसाएवढे, काही त्यांच्या पायाशी बोटभर. मागे ज्वाळा, वारा, लाटा, नक्षत्रांनी भरलेला काळोख. म्हातारपण, ज्याला गोजिऱ्यांच्या दुनियेत जागाच नसते, ते येथे शंभर मीटर पसरलेले आहे. सपाट चित्रात दूर-जवळ नसते, म्हणून येथे कोणताही अर्हत मागे पडत नाही. पाचशेपैकी प्रत्येकाला आपला चेहरा मिळाला आहे. आणि चित्र एका नजरेत मावत नसल्याने पाहणाऱ्याला त्यासमोरून चालावे लागते. आमच्या देवळांतील क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रेही आम्ही चालतच पाहतो, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आता पुन्हा तो कस लावू. ह्या चित्राला दिलेला मान कोणाकडे जातो? काही मुराकामी यांच्याकडे जातो, हे खरे. एवढे मोठे चित्र चित्रकाराचा अहंकार पूर्णपणे लपवू शकत नाही, आणि दोहाच्या त्या प्रदर्शनाचे नावच 'ईगो' होते. परंतु उरलेला मान झिरपत पुढे जातो. काझुनोबूकडे, त्यांच्या मागे राहिलेल्या पत्नीकडे, भूकंपात गाडल्या गेलेल्या एदोच्या लोकांकडे, २०११ च्या लाटेने नेलेल्यांकडे. '७२७'मध्ये थर रंगाचे होते. येथे ते मेलेल्या माणसांचे आहेत. ज्या चित्रकाराने सारे काही सपाट आहे असे सांगून नाव मिळविले, त्याला शोक करताना खाली उतरावे लागले, हा आमच्या मते ह्या कृतीचा खरा विजय आहे. मुराकामी यांची कीर्ती फुलांवर उभी आहे. ती टिकेल मात्र अर्हतांवर, असे आम्हाला वाटते.

आमच्यापुरते

निशिझाका टेकडीवर १९६२ साली, म्हणजे मुराकामी जन्मले त्याच वर्षी, सव्वीस रक्तसाक्ष्यांचे स्मारक उभे राहिले. ते घडविले यासुताके फुनाकोशी ह्या जपानी कॅथॉलिक शिल्पकाराने. सव्वीस ब्राँझ आकृती एका ओळीत, समोर तोंड करून. त्यातही खोलीचा आभास नाही. पायांखाली जमीन नाही. पावले लोंबती आहेत, आणि चेहरे वर उचललेले, स्तुतिगान करीत असल्यासारखे. त्या ओळीत वसईचा गोन्सालोही आहे. फुनाकोशी यांच्या आकृती शांत आहेत, मुराकामी यांचे अर्हत गलबल्यात आहेत. एकाला आशा ठाऊक आहे, दुसरा ती शोधतो आहे. पण दोघांनीही मृतांना एकेक चेहरा दिला, आणि आजच्या काळात ही लहान गोष्ट नव्हे.

उराकामीच्या राखेतून पवित्र मारियेच्या लाकडी मूर्तीचे नुसते मस्तक सापडले. गाल भाजलेला आणि डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी. ते आज पुन्हा बांधलेल्या कॅथीड्रलमध्ये आहे. काचेचे डोळे आगीत गेले. तरी लोक त्या खोबणींपुढे प्रार्थना करतात, कारण आपल्याकडे कोणीतरी पाहते आहे असे त्यांना तेथे वाटते. मुराकामी यांच्या फुलांना डोळे आहेत, मिस्टर डॉबला तर डझनभर आहेत. ते डोळे आमच्याकडे पाहतात की आमच्या खिशाकडे, हे प्रत्येक चित्रापुढे उभे राहून ठरवावे लागेल.

आमच्या धर्मग्रामांतही नव्या मूर्ती येतात, रंगीत दिव्यांच्या माळा लागतात, सणांचे फलक संगणकावर छापून टांगले जातात, आणि त्यांवरचे बाळयेशू दिवसेंदिवस चित्रमालिकेतील बाळांसारखे गोंडस होत चालले आहेत. लोकांना आवडणारी भाषा वापरू नये, असे आम्ही म्हणणार नाही. मुराकामी यांच्या अर्हतांनी ती भाषा केवढे ओझे पेलू शकते हे दाखविले आहे. मात्र गोंडस बाळाच्या मागे गोठा, हेरोदाची तलवार आणि पुढे क्रूस आहे, हे त्या चित्रात कोठेतरी दिसावयास हवे. पुढच्या नाताळचे फलक काढावयास आमची तरुण मुले बसतील, तेव्हा त्यांनी 'पाचशे अर्हत' एकदा जरूर पाहावे, आणि मग आपल्या बाळयेशूचा चेहरा काढावा.